ओठांवरील तापाचे फोड : शिक्षकांनी काय पाहावे

सर्दीतापानंतर किंवा उन्हातील खेळानंतर एखाद्या मुलाच्या ओठावर बारीक फोडांचा पुंजका उठतो. ‘ताप फुटला’ असे घरची माणसे म्हणतात. कोठे कोठे पाल चाटल्याचे निमित्तही सांगितले जाते. पालीचा येथे काहीही संबंध नाही. हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे हे फोड येतात. बहुधा बालपणीच तो घरातील कोणाच्या तरी लाळेवाटे शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर दडून राहतो. ताप, कडक ऊन वा थकवा यांनी तो पुन्हा जागा होतो.

ओळखण्याची खरी खूण फोडांच्या आधीची आहे. ओठाच्या कडेस एकाच ठिकाणी चुणचुण वा जळजळ सुरू होते व मूल तेथे वारंवार जीभ फिरविते. बहुधा एक-दोन दिवसांत पाण्याने भरलेले फोड दिसू लागतात, ते फुटून खपली धरते आणि साधारणतः ७ ते १० दिवसांत जागा बरी होते. पुढील खेपेसही फोड बहुधा तेथेच येतात.

पहिली लागण पुष्कळदा कळतही नाही. परंतु काही लहान मुलांना जोराचा ताप येतो, हिरड्या लाल होऊन सुजतात, तोंडभर फोड येतात, लाळ गळते. असे मूल दुखण्यामुळे पाणीही पीत नाही, आणि भय आहे ते याचेच. त्यास घरी ठेवून डॉक्टरांना दाखविण्यास पालकांस सांगावे.

ओठांच्या कोपऱ्यांतील चिरा म्हणजे हे फोड नव्हेत. त्यांमागे पुष्कळदा ‘ब’ जीवनसत्त्वाची किंवा लोहाची उणीव असते. नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या पसरत असतील तर तो जंतुजन्य त्वचारोग समजावा. त्यावर औषधोपचार लागतो.

फोड आलेल्या मुलाचा डोळा लाल होऊन दुखू लागला, त्यास उजेड सोसवेना, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. विषाणू बुबुळापर्यंत पोहोचल्यास दृष्टीस इजा होते. म्हणूनच फोडास लावलेला हात डोळ्यास लावू नये, हे मुलास आधीच समजावून द्यावे.

एरवी अशा मुलास शाळेतून परत धाडण्याचे किंवा वेगळे बसविण्याचे कारण नाही. अस्वच्छतेचा ठपका तर मुळीच ठेवू नये. खपली वाळेपर्यंत पाण्याचा पेला, शिट्टी व रुमाल मात्र वेगळा असावा. घरी तान्हे भावंड असल्यास त्याचा मुका घेऊ नये, असे मुलास व त्याच्या आईस अवश्य सांगावे; नवजात बालकास हीच लागण प्राणघातक ठरू शकते.