दवाखान्यातली सिस्टर किती शिकली आहे?

घरातले माणूस दवाखान्यात ठेवले की आपला पहिला प्रश्न असतो, डॉक्टर कोण आहेत? प्रश्न बरोबरच आहे. पण डॉक्टर खाटेपाशी येतात ते सकाळ-संध्याकाळ, पाच-दहा मिनिटे. उरलेला दिवस आणि सगळी रात्र तुमच्या माणसाजवळ असते ती सिस्टर. ताप चढला, लघवी कमी झाली, श्वास जोरात चालू लागला, हे आधी तिच्या नजरेला पडते. पडले तर वेळेवर धावपळ होते. नाही पडले तर सकाळी डॉक्टर येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

पिंपळगाव बसवंतच्या माणसाला हिशेब शिकवायला नको. बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर नेला, की भुईकाट्यावर तुम्ही भरलेले वजन पाहता, रिकामे पाहता, पावती खिशात घालण्याआधी दोनदा वाचता. पाच किलोचा घोळ चालू देत नाही. मग आपल्या बापाच्या शिरेत कोणते औषध चालले आहे, हे विचारायला जीभ का रेटत नाही?

चांगल्या शिकलेल्या सिस्टरला असे विचारल्याचा राग येत नाही. औषध देण्याआधी पाच गोष्टी पडताळायच्या, हे तिला शिकवलेलेच असते. माणूस तोच ना, औषध तेच ना, मात्रा तेवढीच ना, वेळ तीच ना, आणि द्यायचे कसे, म्हणजे तोंडाने, स्नायूत की शिरेत. ऐकायला सोपे वाटते. पण आपल्या भागात एका वॉर्डात दोन मोरे सहज निघतात. रात्री दोन वाजता "मोरे ना तुम्ही?" असे विचारले, तर झोपेतला कोणीही "हो" म्हणेल. म्हणून जाणती सिस्टर नाव सांगत नाही, विचारते. "बाबा, तुमचे पूर्ण नाव सांगा." तिला विसर पडला असे समजून हसू नका. ती तुमचा जीव सांभाळते आहे.

दुसरे उदाहरण पोटॅशियम क्लोराईडच्या इंजेक्शनचे. दिसायला ते पाण्यासारखे. सलाईनमध्ये मिसळून सावकाश दिले तर औषध, आणि तसेच थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते. जिथे कारभार चोख आहे, तिथे ही बाटली इतर औषधांत ठेवत नाहीत. ती वेगळ्या कपाटात, ठळक चिठ्ठी लावून ठेवतात. ही शिस्त वॉर्डात पाळली जाते की नाही, हे पाहणारी बाई म्हणजे इनचार्ज सिस्टर. सरकारी भाषेत तिला परिसेविका म्हणतात आणि तिच्या वरच्या मेट्रनला अधिसेविका. रात्रपाळीला कोण, नव्या मुलीबरोबर जुनी कोण, हे त्या ठरवतात. त्याहून मोठे काम म्हणजे, एखादी नवी मुलगी धीर करून म्हणाली, "डॉक्टर, ही मात्रा जास्त वाटते, एकदा पाहता का?" तर तिच्या पाठीशी उभे राहणे. त्या वेळी मुलीला गप्प केले, तर पुढच्या वेळी चूक दिसली तरी ती तोंड उघडणार नाही.

हा धीर शिक्षणातून येतो, आणि ते शिक्षण आपल्याकडे सुखासुखी आलेले नाही. आपल्या तालुक्याच्या गावी, निफाडला, १८४२ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जन्मले. १८७३ साली त्यांचे लग्न झाले तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. रानड्यांनी त्यांना घरी शिकवले, आणि सभेत बोलायला त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या नाशिकच्या हायस्कुलात. १९०१ मध्ये रानडे वारले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, त्याच्या रमाबाई अध्यक्षा झाल्या. सेवासदनाने मुलींना आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. तो काळ आठवा. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, हे काम घरंदाज बाईने करणे म्हणजे कुळाला बट्टा समजत. रमाबाईंनी शिकणाऱ्या बायकांसाठी वसतिगृहेही चालवली, आणि मला तर यातली मोठी गोष्ट वसतिगृहाचीच वाटते. मुलगी रात्री कुठे झोपणार, या प्रश्नाला उत्तर नसेल तर शिक्षणाच्या गप्पा कोरड्याच.

शिकलेल्या सिस्टरने खरोखर फरक पडतो का? याचा हिशेब युरोपात मांडला गेला. नऊ देशांतली ३०० रुग्णालये आणि ऑपरेशन झालेले चार लाखांवर रुग्ण तपासून २०१४ साली तो छापला गेला. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला, की रुग्ण दगावण्याचा धोका ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. उलट, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे तो धोका ७ टक्क्यांनी कमी. थोडक्यात, हातही पुरेसे लागतात आणि ते शिकलेलेही लागतात.

आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाची हकिगत तुम्ही ऐकली असेल. अरुणा शानबाग ही तिथलीच परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, गळा आवळला, आणि मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ ला ती वारली. मधली एकेचाळीस वर्षे तिला भरवणे, पुसणे, कूस बदलणे हे तिथल्या परिचारिकांनी केले. ज्यांनी तिला हिंडताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या, आणि तिच्या अपघातानंतर जन्मलेल्या मुली तिची सेवा करू लागल्या. तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना तिच्या अंगावर बेडसोर आढळले नाहीत. २०११ च्या निकालात न्यायालयाने अर्ज नाकारला आणि परिचारिकांच्या सेवेची मनापासून वाखाणणी केली.

बेडसोर म्हणजे पडून पडून पाठीला, माकडहाडाला, टाचांना पडणारी जखम. एकाच जागी भार राहिला की तिथले रक्त थांबते, कातडी कुजते, आणि पुढे जखम हाडापर्यंत जाते. लकवा झालेली आई घरी आणली की पुष्कळ घरांत हेच होते. म्हणून दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधी सिस्टरला म्हणा, कूस कशी बदलायची ते आम्हाला करून दाखवा. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, ओले लगेच पुसायचे, आणि कातडी लाल दिसली तर तिथे भार येऊ द्यायचा नाही. लाल जागा चोळू मात्र नका. रात्रीच्या पाळ्या घरातल्या पुरुषांनीही घ्याव्यात. सुनेलाही सकाळी द्राक्षाच्या कामाला जायचे असते.

आता तुमच्या मुलीविषयी. बारावीनंतर ए. एन. एम. दोन वर्षांचा, जी. एन. एम. तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवीसाठी बारावीला विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र हवे. पदवी देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. फी भरण्याआधी महाविद्यालयाला मान्यता आहे का, हे कागद पाहून खात्री करा. शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय नोकरी करता येत नाही, आणि मान्यता नसलेल्या ठिकाणचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. तेवढ्यावर थांबू नका. मुली प्रत्यक्ष कामासाठी कोणत्या रुग्णालयात जातात, तिथे खाटा किती, आणि त्यातल्या भरलेल्या किती, हे विचारा. इमारत नवी आणि चकचकीत असली तरी वॉर्ड रिकामा असेल, तर मुलगी नाडी धरायला पुस्तकातूनच शिकेल. शिकवणाऱ्या बाई रात्रपाळीला मुलींबरोबर असतात का, तेही विचारा. वसतिगृह पाहायला जाताना मुलीच्या आईलाही बरोबर न्या.