तारे काढायचे आणि परत ठेवायचे

दिवाळीच्या अमावास्येला अंधार पडल्यावर महाराष्ट्रातून हंस तारकासमूह जवळजवळ डोक्यावर दिसतो. त्याच्या पंखाजवळ व्हेइल तेजोमेघ पसरला आहे. हजारो वर्षांपूर्वी स्फोट होऊन संपलेल्या एका ताऱ्याचे हे अवशेष आकाशात सुमारे 3 अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने मावतील एवढी जागा व्यापतात. विल्यम हर्शेलने 1784 मध्ये ते प्रथम पाहिले. या तेजोमेघाचे छायाचित्र काढताना त्याच्या अंधुकपणाइतकीच ताऱ्यांची गर्दीही आड येते, कारण आकाशगंगेचा पट्टा इथूनच जातो आणि वायूच्या बारीक तंतूंवर असंख्य तारे येऊन बसतात. कॅमेऱ्याचा सेन्सर जितका प्रकाश पडेल तितक्याच प्रमाणात आकडा नोंदवतो. त्या नोंदीत तेजोमेघ अगदी तळाशी असतो आणि ठळक तारे थेट वरच्या मर्यादेला टेकलेले असतात. तळाचा भाग डोळ्यांना दिसावा म्हणून तो ताणून वर आणावा लागतो. छायाचित्रकार याला स्ट्रेच म्हणतात. तारा खरे तर बिंदू, पण हवेची थरथर आणि दुर्बिणीची मर्यादा यांमुळे त्याचा प्रकाश आजूबाजूला फिका होत पसरतो. स्ट्रेच करताना ही फिकी कडाही उजळते, तारा फुगतो आणि त्याचा नारिंगी किंवा निळा रंग पांढऱ्यात विरून जातो.

म्हणून तारे आणि तेजोमेघ वेगळे करायचे. पूर्वी यासाठी ताऱ्यांचे मास्क करून त्यांना हळूहळू आक्रसवत असत. आता स्टारनेट किंवा स्टारएक्सटर्मिनेटरसारखी न्यूरल नेटवर्कवर चालणारी साधने हे काम काही मिनिटांत करतात. ताराविरहित थर जोरात ताणायचा, ताऱ्यांचा थर हलक्या हाताने, आणि मग दोन्ही एकत्र आणायचे. न ताणलेल्या चित्रातून तारे वजाबाकीने काढले, तर साध्या बेरजेने ते परत येतात. ताणलेल्या चित्रात मात्र बेरीज पांढऱ्याच्या पलीकडे जाते, म्हणून स्क्रीन पद्धत वापरतात: 1 − (1 − अ)(1 − ब). इथे अ आणि ब ही दोन थरांतल्या एकाच पिक्सेलची 0 ते 1 मधली मूल्ये. मग तारे वेगळे करतानाही याच सूत्राची उलट क्रिया करावी लागते. वजाबाकीने काढून स्क्रीनने परत ठेवले, तर उजळ वायूवरचे तारे मूळपेक्षा फिके होऊन परततात.

ही आकाशाशी केलेली लबाडी आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. मला तो या रूपात पटत नाही. सगळ्या पिक्सेलना एकच स्ट्रेच लावून फुगवलेले पांढरे ठिपके हेही आकाशाचे खरे रूप नव्हे. तारे आपापल्या जागी, आपापल्या रंगात परत येत असतील, तर उलट मोजलेली अधिक माहिती वाचकापर्यंत पोचते. आक्षेपाचा खरा जोर दुसरीकडे आहे: ताऱ्याच्या जागी काय भरले? व्हेइलच्या पश्चिम कमानीवर 52 सिग्नी हा नुसत्या डोळ्यांना दिसणारा तारा आहे. त्याचा तेजोमेघाशी संबंध नाही. तो आपल्याला बराच जवळ आहे आणि केवळ त्याच दिशेला दिसतो. त्याच्या लखलखाटाखालचे तंतू सेन्सरने वेगळे नोंदवलेलेच नसतात. नेटवर्क आजूबाजूचे पाहून तिथे वायू रेखाटते. तो सुबक असतो, पण अंदाजच असतो.

यावर उत्तर येते की खगोलशास्त्रज्ञही तारे वजा करतात. करतात, पण पद्धत वेगळी आहे. पीटर स्टेटसन यांनी 1987 मध्ये मांडलेला डाओफॉट हा प्रोग्रॅम त्याच चित्रातल्या ताऱ्यांवरून ताऱ्याचा आकार मोजतो आणि तेवढाच वजा करतो. हायड्रोजनचा प्रकाश वेगळा काढायचा असेल, तर शेजारच्या तरंगलांबीत दुसरे चित्र घेऊन ते वजा केले जाते. अशा वजाबाकीत चूक झाली की काळे-पांढरे व्रण उरतात आणि चूक कुठे आहे ते दिसते. नेटवर्क तो व्रणच पुसून टाकते, म्हणून त्याच्याबाबत जास्त सावध राहावे लागते. ते छोट्या दूरच्या दीर्घिकांना तारा समजू शकते, एम 33 या दीर्घिकेतले हायड्रोजनचे गुलाबी ढगही उचलू शकते. ताऱ्यांचा थर वेगळा उघडून निरखला की अशी चोरी सापडते. ही तपासणी कधीही टाळू नये.

अंधुक रचना खरी आहे का, हे मात्र एका ताराविरहित चित्रावरून ठरत नाही. देवयानी दीर्घिकेशेजारी हौशी छायाचित्रकारांना ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक लांब कमान सापडली आणि 2023 मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. ती मान्य झाली, कारण वेगवेगळ्या दुर्बिणींतूनही ती टिपली गेली होती.

तारे परत ठेवताना आणखी एक प्रश्न येतो. मुंबई-पुण्यासारख्या उजळ आकाशाखाली 656.3 आणि 500.7 नॅनोमीटरचे अरुंद पट्ट्याचे फिल्टर फार उपयोगी पडतात, कारण व्हेइलचा प्रकाश बराचसा तिथेच एकवटलेला असतो. ताऱ्याचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असल्याने या फिल्टरांतून त्याचा खरा रंग कळत नाही; म्हणून लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांतून छोटी एक्स्पोजर घेऊन ते तारे तेजोमेघावर ठेवतात. ही अदलाबदल मला रास्त वाटते, कारण हे तारे त्याच आकाशाचे आहेत आणि त्यांचा रंग मोजलेला आहे. चित्राखाली मात्र ते लिहायला हवे: तेजोमेघ कोणत्या फिल्टरांतून आणि किती तासांचा, तारे कोणत्या एक्स्पोजरचे, त्यांना लहान केले का, आणि ठळक ताऱ्यांखालचा भाग नेटवर्कने भरला आहे का.