थंडी आधी जोडीदाराला दिसते

२५ ऑक्टोबर २००८. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील बॉरोडेल खोऱ्यातून सुमारे अडीच हजार धावपटू डोंगरात शिरले. शर्यत दोन दिवसांची. एकट्याने धावायचे नाही, जोडीनेच धावायचे, हा तिचा नियम. तंबू, स्लीपिंग बॅग, कोरडे कपडे आणि खाणे पाठीवर घेऊन पळायचे आणि मधली रात्र डोंगरातच काढायची. अशा जोड्यांत मित्र असतात, भावंडे असतात, नवरा-बायकोही असतात.

त्या दिवशी मुसळधार पावसाबरोबर धड उभे राहू न देणारा वारा सुटला. ओढ्यांना पूर आला आणि शर्यत पहिल्याच दिवशी रद्द झाली. रात्री हजाराहून जास्त धावपटूंचा ठावठिकाणा लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप असल्याचे समजले. मोजक्यांनाच रुग्णालयात न्यावे लागले. कोणी शेतघरात, कोणी जवळच्या हॉनिस्टर येथील दगडाच्या खाणीत आसरा घेतला होता. अनेकांनी पाठीवरचाच तंबू लावून रात्र काढली होती.

मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातील १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत मात्र असे झाले नाही. गारा, पाऊस आणि वाऱ्याने धावपटूंना उंचावर गाठले. बरेच जण पातळ कपड्यांत होते; वारा अडवणारे जाकीट सक्तीचे नव्हते. १७२ पैकी २१ जण दगावले.

धडधाकट माणसे थंडीने का मरतात? धावताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जेची उष्णता होते. म्हणून पळताना भिजलेल्या कपड्यांतही थंडी जाणवत नाही. पाय थकले, वेग मंदावला की ही भट्टी विझू लागते. ओले कपडे आणि वारा उष्णता ओढून नेतच राहतात. १९६४ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमधील लांब पल्ल्याच्या चालण्याच्या स्पर्धेत पाऊस-वाऱ्यात तीन तरुण दगावले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत काम केलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्याचा अभ्यास केला. भिजलेले कपडे वाऱ्यात आपली बहुतेक ऊब गमावतात, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे बर्फ नसतानाही जीव जाऊ शकतो.

शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला जोराची हुडहुडी भरते. ती शरीराने ऊब निर्माण करण्यासाठी केलेली धडपड असते. साधारण ३२ अंशांखाली हुडहुडी मंदावते आणि थांबते. २८ अंशांखाली हृदयाचे ठोके बिघडून ते बंद पडण्याचा धोका मोठा असतो.

यातली खरी अडचण अशी, की थंडी मेंदूलाही गोठवते. ज्याला त्रास होतो, त्यालाच तो कळत नाही. समजा, अशा शर्यतीत नवरा-बायको धावत आहेत. नवरा अडखळू लागतो, उगाच चिडतो, त्याला जाकिटाची चेन लावता येत नाही, शब्द तोंडातच घोळतात. “काय झालंय?” असे बायकोने विचारले, तर “काही नाही, चल तू,” असेच उत्तर मिळणार. त्या उत्तरावर विसंबू नये. अडखळणे, बोटांतून वस्तू निसटणे, बोबडे बोलणे, तुसडेपणा यांपैकी काहीही दिसले की शर्यत तिथेच संपली, असे जोडीदाराने ठरवावे. हुडहुडी थांबली पण माणूस गोंधळलेलाच असेल, तर तो बरा होत नसून बिघडत चालला आहे.

मग काय करावे? सर्वांत आधी वाऱ्यापासून आडोसा. तंबूत नेऊन ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत, डोके झाकावे. जमिनीवर थेट न निजवता खाली मॅट किंवा सॅक पसरावी आणि स्लीपिंग बॅगेत गुंडाळावे. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तर गरम, गोड पेय द्यावे. थकलेल्या स्नायूंना हुडहुडीसाठीही साखर लागते. दारू देऊ नये. तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब बाहेर जाते. हातपाय चोळू नयेत. गुंगी असेल तर चालवू नये, अलगद हाताळावे आणि तातडीने मदत मागवावी.

बॉरोडेलमधील सीथवेट हे इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाच्या वस्त्यांपैकी एक. आपल्या महाबळेश्वरला त्याहून जास्त पाऊस पडतो, पण हवा तितकी गार नसते. तरी पावसाळ्यात गडावर तासन्‌तास भिजलेला, उपाशी, दमलेला माणूस वाऱ्यात बसून राहिला तर तोही गारठतो. हिमालयातील ट्रेकवर तर हा धोका कितीतरी वाढतो. म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून सॅकमध्ये ठेवावी. विंडचीटर पायथ्याच्या गाडीत न ठेवता सोबत घ्यावे. खिशात चिक्की असावी. आणि दर अर्ध्या तासाने एकमेकांना साधा प्रश्न विचारावा, नुसते उत्तर न ऐकता चालही बघावी. परतायचे ठरले तर त्यावर वाद घालू नये. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो.