बागेतून थेट गिऱ्हाइकाकडे

देवगड-रत्नागिरीकडचा जो लहान बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या आपला सारा हापूस मुंबईच्या दलालाच्या हवाली करी आणि हाती पडणाऱ्या पट्टीवरूनच ज्याला आपल्या मालाची किंमत कळे, त्याला पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष व्यवहार करण्याची सोय समाजमाध्यमांनी करून दिली आहे. २०१८ साली निघालेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये पत्ता, वेळ आणि मालाची सचित्र यादी विनामूल्य मांडता येते. मात्र एक बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: एकाच वेळी अनेकांस संदेश धाडण्याच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ पर्यंत नावे घालता येत असली, तरी ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे, त्यालाच तो संदेश पोहोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत क्रमांकाची चिठ्ठी घालून तो नोंदवून ठेवण्याची विनंती करणे, हे जाहिरातीवर पैसा खर्चण्यापूर्वीचे काम होय.

इन्स्टाग्रामवरील छायाचित्र झगझगीत नसले तरी चालेल. आढीतल्या गवतावरची फळे, देठाजवळ उतरलेला पिवळा रंग, पेटीतले डझन आणि फळाचे वजन ही त्यात स्पष्ट असावीत. कर्नाटकी आंबा हापूस म्हणून सर्रास खपत असल्याने, २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाखाली आपली नोंदणी असल्यास तिचा दाखला अवश्य द्यावा. कापलेल्या फळात साका निघाल्यास भरपाई कशी मिळेल, हेही मागणी घेण्यापूर्वीच लिहून कळवावे.