मोबाईलवरील फसवणूक व मनुष्यस्वभाव

फसवणूक अडाणी माणसाचीच होते, हा समज खरा नाही. नवी मुंबईसारख्या सुशिक्षित शहरातही मोबाईलवरील ठकांमुळे आयुष्याची पुंजी गमावलेले लोक आढळतात. याचे कारण असे की, ठक बुद्धीवर नव्हे, तर भीती, विश्वास व अनुकरण या स्वाभाविक वृत्तींवर घाला घालतो.

भीती उत्पन्न झाली की विचार खुंटतो. पोलिसाच्या वेषात मोबाईलच्या पडद्यावर येऊन ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे’ असे बजावणारा ठक प्रथम कोणाशीही बोलण्यास मनाई करतो. माणूस एकटा पडावा, हाच त्याचा हेतू असतो. वास्तविक अशी अटक भारतीय कायद्यात नाही.

विश्वासाचाही असाच गैरफायदा घेतला जातो. पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांनी मिळतात. त्या योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाईल येते. ती कित्येकदा ओळखीच्याच क्रमांकावरून येते. कारण त्या माणसाचा मोबाईल आधीच ठकाच्या ताब्यात गेलेला असतो. फाईल मोबाईलमध्ये बसविताच बँकेचे ओटीपी ठकास वाचता येतात.

शेजाऱ्याचा लाभ पाहून माणूस लवकर भुलतो. मुंबई व नवी मुंबईत दुकाने असलेल्या टोरेस कंपनीने आठवड्याच्या परताव्याचे वचन दिले होते. आरंभी पैसे वेळेवर मिळाल्याने इतरांचाही विश्वास बसला. पुढे परतावे थांबले व जानेवारी २०२५ मध्ये दुकाने बंद पडली. शेअर बाजाराच्या नावाने चालणाऱ्या बनावट व्हॉट्सॲप गटांतही हीच युक्ती असते. तेथे नफ्याची ग्वाही देणारे बहुधा ठकाचेच साथीदार असतात.

फसल्यावर लाज वाटते व माणूस गप्प बसतो. त्या अवधीत पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो व परत मिळण्याची आशा मावळते.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकऱ्यांस समजावून द्याव्यात :

(१) घाई करावयास लावणाऱ्या संदेशावर तत्काळ कृती करू नये. घरातील वा गावातील जाणत्या माणसास विचारावे.

(२) ओटीपी कोणासही सांगू नये. संदेशातून आलेली एपीके फाईल उघडू नये.

(३) योजनेची चौकशी कृषी कार्यालयात समक्ष करावी.

(४) पैसे गेल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे.

फसलेल्यास हसू नये. गावाने धीर दिला तरच तो वेळेवर बोलेल.