जिथे मिसिसिपी पायी ओलांडता येते

मिनियापोलिसहून उत्तरेला चारेक तास गाडी हाकली की मक्याची शेतं मागे पडतात आणि पाइनचं रान सुरू होतं. पार्क रॅपिड्स हे वाटेतलं शेवटचं बाजाराचं गाव. तिथे दूध, अंडी, बर्फाची पिशवी आणि आमच्या कुत्र्यासाठी, मोत्यासाठी, गोचिडीचं औषध घेतलं. तिथून वीसेक मैलांवर इटास्का स्टेट पार्क. मिसिसिपी नदी इथल्या तळ्यातून निघते.

ब्रह्मगिरी चढून गोदावरीचा उगम पाहिलेला, महाबळेश्वरला गोमुखातली कृष्णा ओंजळीत घेतलेला माणूस जगात कुठेही गेला तरी नदी बघून ‘ही निघते कुठून?’ हे विचारतोच. मिनियापोलिसमध्ये मिसिसिपीवरच्या पुलावरून रोज ये-जा करताना आम्हा दोघांच्या मनात तेच यायचं. यंदा जूनमध्ये भाड्याने आरव्ही घेतली आणि निघालो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, लहानसा फ्रिज आणि शौचालय. कुत्र्याला पाळणाघरात ठेवून फिरायला जाणं आमच्या जिवावर येतं, त्यामुळे आम्हाला हा प्रवास फार मानवला. मोत्या वाटभर दोन सीटच्या मधल्या जागेत पाय पसरून झोपला होता.

आमची जागा ‘बेअर पॉ’ या तळ्याकाठच्या तळावर होती. चोवीस फुटी गाडी झाडांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उलटी घालताना नवरा स्टिअरिंगवर आणि मी मागे, हात वर करून. मग चाकांखाली फळ्या सरकवून गाडी समपातळीत आणायची, नाहीतर तव्यावरचं तेल एका कडेला जाऊन बसतं. विजेची केबल खांबाला जोडली, पाण्याची टाकी आधीच भरून आणली होती. सांडपाणी गाडीखालच्या टाकीत साठतं आणि निघायच्या दिवशी ठरलेल्या ठिकाणीच रिकामं करायचं असतं. जमिनीवर थेंब सांडलेला चालत नाही. एवढी माणसं तळ्याकाठी राहूनही तळं नितळ का आहे, ते इथे कळतं.

सकाळी सहाला उगमावर पोचलो, गर्दीच्या आधी. तळ्याच्या उत्तर टोकाला गोल, गुळगुळीत दगडांची एक ओळ आहे. ओळीच्या अलीकडे तळं, पलीकडे मिसिसिपी. रुंदी वीस फुटांच्या आत-बाहेर, पाणी गुडघ्याला लागेल न लागेल इतकंच. शेजारी लाकडी खांबावर पिवळ्या अक्षरांत कोरलंय, की समुद्रसपाटीपासून 1,475 फुटांवर ही नदी निघते आणि 2,552 मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. नंतरच्या मोजण्यांत हा आकडा 2,350 मैलांच्या आसपास भरतो. गोदावरी 1,465 किलोमीटरची, म्हणजे ही तिच्या अडीचपट. मी चप्पल हातात घेतली आणि दगडांवरून पलीकडे गेले. तळ गार, बारीक वाळूचा. मोत्या मधोमध थांबला, दोन घोट पाणी प्यायला आणि मग सावकाश चालत आला. नदी इथून निघते ती दक्षिणेला नाही, उत्तरेला. बेमिजी गावापर्यंत तशीच जाते, मग पूर्वेला वळते आणि त्यानंतर कुठे दक्षिणेची वाट धरते.

दगडांच्या या सुंदर ओळीखाली काँक्रीटचा बांध आहे, हे मात्र बघणाऱ्याला कळत नाही. मूळचा उगम चिखलाचा, दलदलीचा होता. 1930च्या दशकात, मंदीच्या काळात सरकारने कामाला लावलेल्या तरुणांनी दलदल बुजवली, नवा प्रवाह खणला आणि दगड रचले. लोकांना ‘उगम’ दिसावा म्हणून. मला हे खटकलं. चिखलातून निघालेली नदी तेवढीच पवित्र असते, तिला सजवायची गरज नव्हती.

नावाचंही असंच झालं. ओजिब्वे लोक या तळ्याला एल्कचं, म्हणजे मोठ्या शिंगांच्या हरणाचं तळं म्हणत. 1832च्या जुलैमध्ये हेन्री स्कूलक्राफ्ट इथे पोचला तो ओझाविंदिब या ओजिब्वे वाटाड्याच्या मागोमाग. शोधाचं श्रेय स्कूलक्राफ्टला गेलं आणि तळ्याला नवं नाव मिळालं. ‘खरा उगम’ या अर्थाच्या ‘व्हेरिटास कापुट’ या लॅटिन शब्दांतली पुढची-मागची अक्षरं गाळून मधली उचलली, ती ‘इटास्का’. ज्याने वाट दाखवली त्याचं नाव आज किती जणांच्या तोंडी आहे?

हे रान वाचलं ते अगदी थोडक्यात. लाकूडतोड कंपन्या मिनेसोटातला पाइन आडवा करत होत्या, तेव्हा जेकब ब्रोअर याने उगमाचा परिसर मोजला आणि तो राखावा म्हणून आमदारांकडे खेटे घातले. 20 एप्रिल 1891ला विधेयक एका मताने मंजूर झालं आणि मिनेसोटाचं पहिलं स्टेट पार्क उभं राहिलं. तरी तोड थांबली नाही. 1903मध्ये पार्कचे प्रमुख वारले आणि त्यांच्या 24 वर्षांच्या मुलीकडे, मेरी गिब्जकडे, कारभार आला. ओंडके वाहून नेण्यासाठी घातलेल्या बांधामुळे तळ्याचं पाणी चढून काठची झाडं बुडत होती. दरवाजे उघडा म्हणून ती बांधावर गेली. हात लावेल त्याला गोळी घालू, असं कंपनीच्या माणसाने बजावलं. तिने दरवाज्याच्या दांड्यावर हात ठेवला. गोळी सुटली नाही. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी तिला पद सोडावं लागलं. उगमाजवळच्या माहिती केंद्राला आज तिचं नाव आहे. माझ्या मते या जागेचा खरा शोध तिने लावला.

ती झाडं बघायची तर ‘प्रीचर्स ग्रोव्ह’मध्ये जावं. अडीचशे-तीनशे वर्षांचे लाल पाइन, खोडाची साल खवल्यांसारखी, ऊन पडलं की विटकरी. आम्ही बोललो तेही हळू आवाजात. मोत्याला त्यात रस नव्हता. त्याचं सगळं लक्ष खारींकडे होतं. कुत्र्याची दोरी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही आणि पोहण्याच्या किनाऱ्यावर किंवा इमारतींत त्याला नेता येत नाही. शंभर फुटी टेहळणी मनोऱ्यावर आम्ही पाळीपाळीने चढलो. एक वर, एक खाली मोत्यापाशी. वरून चहूकडे नुसती झाडं आणि मधे मधे चमकणारी तळी. पार्कात शंभराहून जास्त तळी आहेत.

संध्याकाळी गाडीबाहेर शेकोटी केली. लाकूड घरून आणायचं नाही, परवानगी असलेलंच विकत घ्यायचं. लाकडातून येणारी कीड इथली अ‍ॅशची झाडं मारते. आत कांदेपोह्यांची फोडणी चालली होती आणि बाहेर मी मांडीवर मोत्याला घेऊन विंचरत होते. कानामागे तिळाएवढी गोचीड सापडली. हरणांवरची ही गोचीड माणसाला आणि कुत्र्यालाही लाइम रोग देते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही. जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. अंधार पडता पडता पाण्यावरून लून पक्ष्याची लांब, कापरी हाक आली. मोत्याने कान टवकारले, पण भुंकला नाही.

जाणार असाल तर उन्हाळ्यातली जागा 120 दिवस आधी आरक्षित करता येते, त्याच दिवशी करा. निदान दोन रात्री राहा आणि उगमावर पहाटेच जा. डासांचं औषध आणि कुत्र्याच्या लशीचा कागद बरोबर असू द्या.

निघताना पुन्हा एकदा दगडांपाशी गेलो. इथून निघालेल्या थेंबाला आखातात पोचायला साधारण नव्वद दिवस लागतात. मोत्या ज्या पाण्यात उभा होता, ते समुद्राला मिळेल तेव्हा आमच्याकडे गणपतीचे दिवस असतील.