ऑफिसच्या दाराला थंब लावून आत जाता, पण आग लागली तर तेच दार तुम्हाला बाहेर सोडेल का?

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते का? रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक एकदम बंद पडलं होतं. आधी सगळ्यांनी आपापलं वायफाय बंद-चालू करून बघितलं, मग मोबाईल रीस्टार्ट केला, आणि शेवटी कळलं की गडबड आपल्याकडे नाही, तिकडेच आहे. जवळपास सहा तास हा गोंधळ चालला.

झालं असं होतं की, देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीचं स्वतःचं नेटवर्कच तुटलं. आता दुरुस्त करायचं तर माणसांनी प्रत्यक्ष तिथे जायला हवं. पण त्याच वेळी न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्रांनी बातमी दिली की फेसबुकच्या कर्मचाऱ्यांची कार्डं ऑफिसच्या दारांवर चालतच नाहीयेत! कंपनीनेही नंतर सांगितलं की डेटा सेंटरमध्ये शिरणं मुद्दामच अवघड ठेवलेलं असतं, त्यामुळे दुरुस्तीला वेळ लागला.

किस्सा मजेशीर आहे. पण तिथे माणसं बाहेर अडकली होती. हीच माणसं आत अडकली असती तर?

आज आयटी पार्कपासून तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेपर्यंत सगळीकडे कार्ड किंवा बोटाच्या ठशावर उघडणारी दारं आली आहेत. रोज दहा वेळा आपण त्यातून जातो. म्हणून ती चालतात कशी आणि ऐन वेळी काय करतात, हे माहीत असलेलं बरं.

दारामागे नेमकं असतं काय?

बाहेर दिसतो तो रीडर. त्याचं काम फक्त वाचायचं. तुमच्या कार्डाचा नंबर तो कंट्रोलरकडे पाठवतो. कंट्रोलर म्हणजे या यंत्रणेचा मेंदू. हा नंबर यादीत आहे का, या माणसाला या दारातून, या वेळेला सोडायचं का, हे तो ठरवतो. हो म्हटलं की तो लॉकचा करंट काही सेकंदांसाठी बदलतो आणि दार उघडतं. आतल्या बाजूला बाहेर पडण्यासाठी एक्झिट बटण असतं. या सगळ्याला वीज देणारा पॉवर सप्लाय आणि त्याची बॅटरी बहुतेक वेळा फॉल्स सीलिंगच्या वर लपलेली असते.

चांगल्या कंट्रोलरमध्ये कार्डांची यादी त्याच्या स्वतःच्या मेमरीत साठवलेली असते. त्यामुळे सर्व्हर किंवा इंटरनेट बंद पडलं तरी दार माणसं ओळखतं. यादी फक्त दूरच्या सर्व्हरवर असेल, तर नेटवर्क गेलं की दार तुम्हाला विसरलं म्हणून समजा.

स्वस्तातल्या यंत्रणेत रीडर आणि कंट्रोलर एकाच डब्यात असतात आणि तो डबा दाराच्या बाहेर लावलेला असतो. म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीवरच टांगून ठेवल्यासारखं. डबा उपटला की लॉकच्या वायरी हाताशी येतात.

कार्डाचंही तसंच आहे. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी कार्डं रीडरजवळ नेली की आपला नंबर सरळ सांगून टाकतात. कोण विचारतंय हे ती बघत नाहीत. त्यामुळे त्यांची नक्कल करणं सोपं असतं. ‘मायफेअर क्लासिक’ हे कार्ड त्यापेक्षा सुरक्षित मानलं जायचं. पण २००८ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी त्याचंही कोडं सोडवलं. तेच तंत्र तेव्हा लंडनच्या ऑयस्टर या प्रवास कार्डात वापरलं जात होतं.

मग कंपन्या नवी कार्डं घेतात, चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवतात. आत येणाऱ्याला अडवण्यावर भरपूर खर्च होतो. बाहेर जाणाऱ्याचा विचार मात्र बऱ्याचदा राहून जातो. तो समजायला आधी लॉक बघूया.

दार धरून ठेवतं एक चुंबक

काचेच्या दारावर, अगदी वरच्या बाजूला एक चपटी पट्टी दिसते ना, ते असतं मॅग्नेटिक लॉक. लाईनमध्ये त्याला ईएम लॉक म्हणतात. चौकटीवर विद्युत चुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी. चुंबकातून करंट वाहतोय तोपर्यंत ती पट्टी चिकटून राहते. साध्या लॉकची ताकद ६०० पौंड, म्हणजे साधारण २७० किलो असते. मोठ्या लॉकची १२०० पौंड, म्हणजे ५४० किलोच्या आसपास.

सोप्या भाषेत सांगायचं तर, चार-पाच जणांनी जोर लावला तरी हे दार सहजासहजी हलत नाही. आणि करंट तोडला तर लहान मूलही ते ढकलून उघडू शकतं. सगळा खेळ त्या करंटचा आहे.

लाईट गेली की दाराने काय करायचं?

इथे दोन प्रकार येतात.

पहिला ‘फेल-सेफ’. वीज गेली की दार उघडं. ईएम लॉक मुळातच या प्रकारातलं आहे, कारण करंटशिवाय चुंबकच उरत नाही.

दुसरा ‘फेल-सिक्युअर’. वीज गेली तरी बाहेरून दार बंदच. सर्व्हर रूम, बँकेची कॅश रूम, औषधांचं कोठार अशा ठिकाणी हा वापरतात. पण त्यातही आतून हँडल फिरवलं की दार उघडलंच पाहिजे, तेही विजेशिवाय. आतल्या माणसाला कोंडणं हा फेल-सिक्युअरचा अर्थ नाही.

फेल-सेफची एक अडचण आहे. लाईट गेली की ऑफिस सगळ्यांसाठी उघडं. म्हणून बॅटरी लावतात. समजा लॉक १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर करंट घेतंय आणि बॅटरी ७ अँपिअर-अवरची आहे. कागदावर हिशेब येतो १४ तासांचा. पण त्याच बॅटरीवर कंट्रोलर आणि रीडरही चालतो, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी दमते. त्यामुळे प्रत्यक्षात वेळ बराच कमी मिळतो.

आता खरी मेख बघा. बॅटरी आहे म्हणजे लाईट गेल्यावरही लॉक चालूच राहणार. आग लागल्यावर इमारतीचा मेन स्विच पाडला तरी हे चुंबक बॅटरीवर दार धरूनच ठेवणार! म्हणजे ‘लाईट गेली की उघडेल’ हा भरवसा बॅटरी लावली त्याच दिवशी संपला.

यावर उपाय आहेत. पहिला म्हणजे लॉकची वायर इमारतीच्या फायर अलार्म पॅनेलशी जोडायची. अलार्म वाजला की पॅनेल लॉकचा करंट तोडतं, मग बॅटरी असो वा नसो. दुसरा म्हणजे दाराजवळ हिरवा इमर्जन्सी बॉक्स लावायचा. तो दाबला किंवा त्याची काच फोडली की लॉकचा करंट थेट तुटतो.

साधं एक्झिट बटण आणि हा बॉक्स एकच नव्हेत. बऱ्याच ठिकाणी एक्झिट बटण कंट्रोलरला फक्त विनंती करतं, ‘जरा दार उघड.’ कंट्रोलर हँग झाला असेल तर ती विनंती ऐकणारं कोणी नसतं. इमर्जन्सी बॉक्स कोणाला विचारत बसत नाही, सरळ वायर तोडतो.

एका कुलपाची किंमत

हे सगळे नियम पुस्तकात बसून सुचलेले नाहीत. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होता. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. कामगारांनी एकाच दारातून बाहेर पडावं, म्हणजे कोणी कापड चोरून नेत नाही ना हे बघायला पर्स तपासता येतात, अशी तिथली पद्धत होती. त्या आगीत १४६ जण गेले. त्यात बहुतेक तरुण मुली होत्या, पोटासाठी परदेशातून आलेल्या.

मालकांवर खटला चालला, पण ते सुटले. त्या वेळी दाराला कुलूप होतं हे मालकांना माहीत होतं, हे ज्युरीला निःसंशय पटलं नाही. त्यानंतर मात्र न्यूयॉर्कमध्ये आगीपासून संरक्षणाचे आणि कामगारांचे कायदे एकामागून एक बदलले.

आता आपल्याकडचं चित्र बघा. हजेरी नीट लागावी म्हणून कित्येक ऑफिसांत आतल्या बाजूलाही थंब मशीन असतं. बाहेर जायचं तरी बोट लावा, मगच दार उघडणार. कोणाचं बोट ओलं आहे, कोणाचा ठसा उमटत नाही, म्हणून रोज संध्याकाळी दारात रांग लागते. धूर भरलेल्या, अंधाऱ्या पॅसेजमध्ये साठ माणसं त्याच रांगेत उभी राहतील का? तेव्हा पर्स तपासायची होती, आता हजेरी मोजायची आहे. दार अडवण्याची रीत तीच.

हजेरीसाठी मशीन ठेवायला हरकत नाही. फक्त बाहेर पडणं त्या मशीनच्या मर्जीवर नको.

कायदा काय म्हणतो?

राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ सांगते की बाहेर पडण्याचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार अग्निसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची असते. ही व्यवस्था ठीक असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात.

उद्या ऑफिसला गेल्यावर एवढं बघा

१. कार्ड किंवा बोट न लावता आतून दार उघडता येतं का?

२. दाराजवळ हिरवा इमर्जन्सी बॉक्स आहे का? त्याच्यासमोर कुंडी, कपाट किंवा पाण्याचे जार तर ठेवलेले नाहीत ना?

३. फायर ड्रिलमध्ये अलार्म वाजल्यावर लॉक खरोखर सुटतात का? नुसता भोंगा वाजला म्हणजे ड्रिल झालं असं नाही. कोणीतरी प्रत्येक दार ढकलून बघायला हवं.

४. जिन्याच्या दाराला संध्याकाळनंतर साखळी किंवा वेगळं कुलूप लागतं का? रात्रपाळीच्या लोकांना आणि सफाई करणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं.

५. लॉकची बॅटरी शेवटची कधी बदलली?

ही उत्तरं ऑफिसचा ॲडमिन, फॅसिलिटी मॅनेजर किंवा इमारतीची सोसायटी देऊ शकते. तोंडी विचारून ‘बघतो’ असं उत्तर आलं, तर ईमेलवर विचारा. दार आतून उघडत नाही हे लेखी कळवलेलं असेल, तर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं नंतर कोणाला म्हणता येणार नाही.